डबा चालू, कॉम्प्युटर बंद

लाइट गेली तेव्हा टेबलाखालच्या पॉवर स्टेशनच्या, म्हणजे मोठी बॅटरी आणि इन्व्हर्टर एकत्र असलेल्या डब्याच्या, पडद्यावर ९७ टक्के बॅटरी दिसत होती. मॉनिटर चालू होता, राउटरचे दिवे लुकलुकत होते. फक्त कॉम्प्युटर बंद पडून आपला आपण पुन्हा सुरू होत होता, आणि चाळीस मिनिटं चाललेलं एक्स्पोर्ट, म्हणजे व्हिडिओची तयार फाइल बनवण्याचं काम, मातीत गेलं होतं. बहिणीचा फोन आला, "दादा, तुझा डबा चालू आहे, कॉम्प्युटर बंद पडला." त्यातला 'तुझा' बरोबर जागी लागला, कारण तो डबा घ्यायला मीच सांगितलं होतं.

ती घरून व्हिडिओ एडिटिंग करते. टेबलावर डेस्कटॉप, एक मॉनिटर, फायली ठेवायला नेटवर्कला जोडलेला दोन डिस्कचा डबा, म्हणजे नॅस, आणि राउटर. डेस्कटॉपचा प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड मधल्या काळात बदललं, पण कॉम्प्युटरला आतून वीज पुरवणारा एसएमपीएस नऊ वर्षांपूर्वीचाच राहिला. ही गोष्ट तेव्हा कुणाच्या लक्षातही नव्हती. पुढे सगळं त्या एसएमपीएसवरच येऊन थांबलं.

आधी तिच्याकडे ६५० व्हीएचा साधा यूपीएस होता. वॉटमध्ये ३६०. आत १२ व्होल्ट, ७ अँपिअर-तासाची लेड-ॲसिड बॅटरी, म्हणजे कागदावर ८४ वॉट-तास. एवढ्याशा लेड-ॲसिड बॅटरीतून झपाट्याने वीज ओढली की त्यातली निम्मीसुद्धा धड हाती लागत नाही, आणि ही तर तीन वर्षं जुनी होती. चार-पाच मिनिटांत तिचा आवाज बसायचा. एक्स्पोर्ट चालू असेल तर तेवढंही नाही, ओव्हरलोडची लांब शिटी वाजवून यूपीएस हात वर करायचा. लाइट मात्र जाते ती तास-दोन तास.

म्हणून मी पॉवर स्टेशन सुचवलं. १०२४ वॉट-तासांची लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी, १८०० वॉटचा इन्व्हर्टर, स्वच्छ साइन वेव्ह, म्हणजे भिंतीतल्या विजेसारखी गुळगुळीत लाट. जुन्या यूपीएसच्या बारापट साठा. रसायनही मुद्दाम पाहून घेतलं होतं. पॉवर स्टेशनमध्ये दोन जातींच्या लिथियम बॅटऱ्या सापडतात. निकेल-मँगनीज-कोबाल्टवाली वजनाने हलकी, पण भरण्या-उतरण्याच्या पाचशे ते हजार चक्रांनंतर तिची क्षमता ठळकपणे उतरू लागते. लोह-फॉस्फेटवाली जड, पण तीन हजारांच्या पुढे जाते आणि बेफाम तापून पेट घेण्याची तिची शक्यता बरीच कमी. टेबलाखाली वर्षानुवर्षं भरलेली ठेवायची वस्तू उचलून कुठे न्यायची नसते, तेव्हा वजनाचं काय कौतुक? हा भाग मी आजही तसाच सांगेन. चुकलो ते दुसरीकडे.

खोक्यावर लिहिलं होतं, 'यूपीएस मोड, २० मिलिसेकंदांच्या आत बदल'. मी वाचलं आणि मान डोलावली. जुना यूपीएस कपाटात गेला. सगळं जोडून आम्ही तीनदा भिंतीतला प्लग उपटला. पडदा हललासुद्धा नाही. समोर तेव्हा रिकामा डेस्कटॉप होता, एखादी फाइल उघडी. परीक्षा घेतली ती झोपलेल्या मुलाची. अकराव्या दिवशी एक्स्पोर्ट चालू असताना लाइट गेली.

पहिला संशय अर्थातच ओव्हरलोडवर गेला. मीटर लावून मोजलं. साध्या कामात कॉम्प्युटर ९० वॉट, मॉनिटर ३०, नॅस २० आणि राउटर १०, म्हणजे दीडशे. एक्स्पोर्टच्या वेळी एकटा कॉम्प्युटर ४१० वर जायचा, सगळं मिळून ४७०. अठराशे वॉटच्या इन्व्हर्टरला हे काहीच नाही. मग नॅस बाजूला काढला, खोटं एक्स्पोर्ट लावलं आणि पुन्हा पुन्हा लाइट घालवली. खरा डेटा जोडलेला ठेवून हा खेळ कुणी करू नये. यावेळी प्लग न उपटता त्या खोलीचा एमसीबी खाली पाडला. प्लग काढला की अर्थिंगही सुटतं, शिवाय खरी लाइट जाते तेव्हा त्याच लाइनवर पंखा, फ्रिज असं बरंच काही लटकलेलं असतं. त्यामुळे व्होल्टेज कधी कधी एकदम न मरता डुगडुगत मरतं, आणि लाइट गेली हे ओळखायला यंत्राला थोडा जास्त वेळ लागतो.

निकाल असा. साध्या कामात दहापैकी दहा वेळा कॉम्प्युटर टिकला. एक्स्पोर्ट चालू असताना दहापैकी सहा वेळा पडला.

इथे जरा आत शिरावं लागेल. बहुतेक पॉवर स्टेशनं भिंतीची वीज आधी बॅटरीत आणि मग बाहेर अशी फिरवत नाहीत. लाइट असते तोवर एका रिलेतून, म्हणजे विजेवर चालणाऱ्या खटक्यातून, तीच वीज सरळ पुढे सोडतात. त्यामुळे लाइट असताना व्होल्टेज खालीवर झालं तर तेही तसंच पुढे जातं, हे जाता जाता. लाइट गेली की यंत्राने आधी ते ओळखायचं, मग इन्व्हर्टर जागा करायचा, मग रिलेचा खटका पलीकडे टाकायचा. यात वेळ जातो. ५० हर्ट्झच्या विजेची एक पूर्ण लाट २० मिलिसेकंदांची, म्हणजे खोक्यावरच्या आकड्याचा अर्थ एवढाच की जवळजवळ एक अख्खी लाट गायब होऊ शकते. ऑफलाइन किंवा लाइन-इंटरॅक्टिव्ह या साध्या जातींचा यूपीएसही अशीच उडी मारतो, पण त्याची उडी सहसा ४ ते १० मिलिसेकंदांची असते.

मधल्या खड्ड्यात कॉम्प्युटर जगतो तो एसएमपीएसमधल्या, थोडी वीज साठवून ठेवणाऱ्या एका जाड कपॅसिटरवर. या ताकदीच्या एसएमपीएसमध्ये तो साधारण ३९० मायक्रोफॅरडचा धरू. पॉवर फॅक्टर सुधारणारं सर्किट त्याला ३८० व्होल्टच्या आसपास भरून ठेवतं. तेवढ्यात मावते सुमारे २८ जूल ऊर्जा. ती सगळी वापरता येत नाही, व्होल्टेज तीनशेपर्यंत उतरलं की एसएमपीएस मान टाकतो. हाती लागतात जेमतेम साडेदहा जूल. कॉम्प्युटर ९० वॉट खात असेल तर ते शंभर मिलिसेकंदांहून जास्त पुरतात. ४१० वॉट खात असेल तर पंचवीस-सव्वीस. आणि नऊ वर्षं तापून कपॅसिटरची एक तृतीयांश क्षमता सुकली असेल तर सतरा.

सतराचा दम आणि विसाची उडी! कधी पार, कधी पाण्यात. लाइट लाटेच्या कुठल्या टप्प्यावर गेली, त्या क्षणी ग्राफिक्स कार्ड किती ओढत होतं, यावर ठरायचं. आकडे ढोबळ आहेत, एसएमपीएस उघडून मी काही मोजलेलं नाही आणि कुणी उघडूही नये, कारण प्लग काढल्यावरही तो कपॅसिटर बराच वेळ भरलेला राहतो. पण दहापैकी सहा हे गणित याच्याशी चपखल बसतं.

मला यातली एक गोष्ट विशेष लागली. खोटं कुणीच बोललं नव्हतं. डेस्कटॉपचे एसएमपीएस कसे असावेत हे सांगणाऱ्या इंटेलच्या एटीएक्स मार्गदर्शिकेत बरीच वर्षं, वीज गेल्यावर पूर्ण लोडवर १६-१७ मिलिसेकंद तग धरण्याची अपेक्षा होती. म्हणजे नियमाप्रमाणे बनवलेला नवाकोरा एसएमपीएससुद्धा पूर्ण लोडवर २० मिलिसेकंदांची हमी देत नाही. पॉवर स्टेशनवाला आपल्या जागी बरोबर, एसएमपीएसवाला आपल्या जागी बरोबर, मधल्या दोन-चार मिलिसेकंदांना वाली नाही. आणि मी मात्र बारापट साठ्याच्या आकड्याला भुलून बसलो होतो. किती वेळ चालेल हे विचारलं, पकडेल का हे विचारलंच नाही.

उपाय तीन दिसत होते. एसएमपीएस बदलणं हा एक. दुसरा ऑनलाइन यूपीएस, ज्यात वीज कायम दुहेरी रूपांतर होऊन येते आणि उडीच नसते. पण तो चोवीस तास पंखा फिरवत बसतो आणि तिला ध्वनी ऐकत काम करायचं असतं. तिसरा म्हणजे दोघांना एकामागे एक जोडायचं. साठ्याचं काम पॉवर स्टेशनने करावं, झेल घेण्याचं काम यूपीएसने. हाच घेतला. जुना ३६० वॉटचा यूपीएस ४१० वॉटला पुरणार नव्हता, म्हणून १००० व्हीए, ६०० वॉटचा, साइन वेव्ह देणारा लाइन-इंटरॅक्टिव्ह यूपीएस आणला.

जोडताना मी पुन्हा एकदा उलटा निघालो होतो. भिंत, मग यूपीएस, मग पॉवर स्टेशन, मग कॉम्प्युटर असा क्रम डोक्यात होता, कारण यूपीएस नेहमी भिंतीला असतो ही सवय. हे असं केलं आणि पॉवर स्टेशन थोडंही रिकामं असलं, तर लाइट गेल्यावर यूपीएसची चिमुकली बॅटरी पॉवर स्टेशनला चार्ज करायला जाते, हजार-दीड हजार वॉटने. यूपीएस क्षणात कोसळणार, आणि मग पॉवर स्टेशन पुन्हा तीच वीस मिलिसेकंदांची उडी मारणार. बरोबर क्रम म्हणजे भिंत, पॉवर स्टेशन, यूपीएस, कॉम्प्युटर. लाइट गेली की खड्डा यूपीएसला दिसतो, तो आपल्या बॅटरीवर उडी मारतो, तोवर पॉवर स्टेशन सावरलेलं असतं. काही सेकंदांत यूपीएस समोर स्वच्छ वीज पाहून परत येतो. ऐकू येतात ते दोन खटके आणि एक शिटी.

इथे इन्व्हर्टरची साइन वेव्ह कामी येते. चौकोनी लाट दिली असती तर यूपीएसने ती वीज म्हणून बहुधा मानलीच नसती आणि बॅटरी संपेपर्यंत रुसून बसला असता. फ्रिक्वेन्सीचंही तसंच. पॉवर स्टेशनच्या सेटिंगमध्ये ५० आणि ६० हर्ट्झ असे दोन पर्याय असतात, आपल्या भिंतीत जी आहे तीच तिथे हवी.

एक्स्पोर्ट लावून पुन्हा एमसीबी पाडायला सुरुवात केली. वीसपैकी वीस.

पण कपाळावरची आठी पूर्ण गेली नव्हती, कारण दरम्यान दोन बारीक लफडी झाली होती. पहिलं लाइट परत आल्यावरचं. दीड तासाने लाइट आली, पॉवर स्टेशनने दीड हजार वॉटने अधाशासारखं चार्जिंग सुरू केलं, त्याच लाइनवर एअर कंडिशनर होता, आणि एमसीबी पडला. पॉवर स्टेशनच्या दृष्टीने लाइट गेलेलीच. बाकी घर उजळलेलं, ही मात्र बॅटरीवर काम करत बसलेली. चार्जिंगची मर्यादा सेटिंगमधून ४०० वॉटवर आणली. भरायला अडीच-तीन तास लागतात, पण पंख्याची घरघर थांबली आणि बॅटरीही कमी तापते. झटपट चार्जिंग हे जाहिरातीत मिरवायचं लक्षण, बॅकअपच्या डब्याला त्याचा फारसा उपयोग नाही.

दुसरं रात्रीचं. कॉम्प्युटर बंद, नॅसच्या डिस्क झोपलेल्या, लोड उरला वीसेक वॉट. लाइट गेली. पॉवर स्टेशनला वाटलं, कुणी काही वापरत नाही. वीज वाचवायच्या सोयीप्रमाणे दोन तासांनी त्याने एसी आउटपुट, म्हणजे सॉकेटमधून बाहेर जाणारी वीज, आपण होऊन बंद केलं. पुढे लाइट आली तरी ते बंदच राहिलं, सकाळी बटण दाबेपर्यंत. अशा डब्यांचा मूळ जन्म सहलीला फोन आणि दिवे चालवण्यासाठी, तिथे ही सोय शहाणपणाची. टेबलाखाली ती घातकी. सेटिंगमध्ये 'कधीही बंद करू नको' हा पर्याय होता, तो टाकला. त्या रात्री यूपीएसने मात्र चोख काम केलं. आपली बॅटरी उतरायच्या आत यूएसबीच्या तारेवरून नॅसला निरोप दिला आणि नॅस नीट बंद झाला.

तो निरोप हाच खरं तर यूपीएस ठेवायचा मोठा फायदा निघाला. तिच्या पॉवर स्टेशनला कॉम्प्युटरशी बोलता येत नाही, बॅटरी संपली की मुकाट्याने बंद. यूपीएसला बोलता येतं. जोडणी अशी केली की यूपीएसची यूएसबी तार नॅसमध्ये, आणि नॅस नेटवर्कवरून कॉम्प्युटरला सांगणार, आवरा. नेटवर्क यूपीएस टूल्स या मुक्त प्रणालीत ही व्यवस्था फार वर्षांपासून आहे आणि बऱ्याच नॅसमध्ये तीच आत बसवलेली असते.

हे सगळं कागदावर छान होतं. म्हणून एका सुटीच्या दिवशी पूर्ण बॅटरी संपेपर्यंत चालवून बघायचं ठरवलं. दीडशे वॉटवर ५ तास १० मिनिटं. १०२४ ला १५० ने भागलं तर पावणेसातच्या वर येतात. मधला दीड तासाहून जास्त वेळ गेला कुठे? इन्व्हर्टर नुसता जागा राहायलाच दहा-पंधरा वॉट खातो, यूपीएस आपले आठ-दहा खातो, रूपांतरात दहाएक टक्के जातात. हाती लागले सुमारे ७७५ वॉट-तास. कुणी विचारलं तर मी खोक्यावरच्या आकड्याचा पाऊण भाग धरायला सांगतो. एक्स्पोर्ट सलग चालू ठेवलं तर १ तास ४० मिनिटं.

मग तो क्षण आला. पॉवर स्टेशन शून्यावर जाऊन बंद झालं, यूपीएसने शिटी दिली, नॅसने निरोप घेतला आणि आवरायला लागला. कॉम्प्युटर ढिम्म. दोन मिनिटं आम्ही दोघं त्याच्याकडे बघत बसलो. "दादा, राउटर बघ," ती म्हणाली. राउटर आम्ही पॉवर स्टेशनला थेट लावला होता, त्याला वीस मिलिसेकंदांचं काही वाटत नाही म्हणून. पॉवर स्टेशन गेलं, त्याबरोबर राउटर गेला, त्याबरोबर निरोपाची वाटच गेली. नॅस रिकाम्या तारेत ओरडत होता.

राउटर यूपीएसवर आणला. यूपीएसवर आता कॉम्प्युटर, नॅस, राउटर, म्हणजे एक्स्पोर्टच्या वेळी ४४० वॉट. मॉनिटर पॉवर स्टेशनलाच राहिला, तो क्षणभर मिचकला तर काही बिघडत नाही. निरोपाची वेळही बदलावी लागली. साधारणपणे यूपीएसची बॅटरी तळाला गेली की आवरायचं असं ठरवलेलं असतं. इथे यूपीएस बॅटरीवर टिकून राहिला याचा अर्थच पॉवर स्टेशन संपलं. त्यामुळे ६० सेकंद थांबून लगेच आवरायचं, असं ठेवलं. सुरुवातीच्या खटक्यात तो काही सेकंदच बॅटरीवर असतो, म्हणून खोटा निरोप जात नाही.

लाइट परत आल्यावर काय होतं, हेही त्याच दिवशी पाहिलं. पूर्ण रिकामं झालेलं हे पॉवर स्टेशन चार्जिंग सुरू झाल्यावर एसी आउटपुट आपोआप चालू करतं की बटणाची वाट बघतं? ते बटणाची वाट बघत होतं, आपोआप चालू करायचं सेटिंग शोधून टाकावं लागलं. काही डब्यांत ते नसतंच, घेण्याआधी एवढं जरूर विचारावं. नॅसमध्येही 'वीज आल्यावर सुरू हो' असं टाकलं. कॉम्प्युटरला मुद्दाम टाकलं नाही, तो तिने स्वतः चालू करावा.

देखभालीचं फार नाही. डबा बंद कपाटात नाही, टेबलाखाली चारी बाजूंनी हवा लागेल असा ठेवलाय. कुठलीही लिथियम बॅटरी कायम भरलेली आणि गरम असली की लवकर म्हातारी होते, आणि दोहोंतली गरमी आपल्या हातात जास्त. दोन-तीन महिन्यांतून एकदा बॅटरी मुद्दाम वापरून उतरवते आणि पुन्हा पूर्ण भरते ती. लोह-फॉस्फेट बॅटरीचं व्होल्टेज मधल्या टप्प्यात इतकं सपाट असतं की किती टक्के उरली हे यंत्रालाही अंदाजानेच कळतं, आणि तो अंदाज हळूहळू सरकतो. लेसर प्रिंटर यावर लावायचा नाही. तो कागद भाजायला हजार वॉटच्या आसपास झटका घेतो.

राहता राहिला एसएमपीएस. "आधी डबा, मग यूपीएस, आता एसएमपीएस. दादा, शेवटी कॉम्प्युटरच नवा घेऊ या का?" असं म्हणत म्हणत तिने तो गेल्या महिन्यात बदलला. यूपीएस बाजूला काढून, थेट पॉवर स्टेशनवर, पूर्ण एक्स्पोर्टच्या लोडवर पुन्हा वीसदा एमसीबी पाडला. कॉम्प्युटर एकदाही पडला नाही. मग यूपीएस परत जोडला. निरोप द्यायला तो लागतोच.